लंडनमध्ये नव्याने आलात? आजारी पडण्याआधी ही सोय लावून ठेवा

आपल्याकडे गुडघा दुखला की माणूस थेट हाडांच्या डॉक्टरांकडे जातो, अंगावर पुरळ आलं की त्वचेच्या डॉक्टरांकडे, आणि बाळाला ताप आला तर संध्याकाळी सात वाजताही बालरोगतज्ज्ञांकडे नंबर लावता येतो. कुठे जायचं ते आपण ठरवतो आणि खिशातून पैसे देतो. लंडनमध्ये असं चालत नाही. इथले बहुतेक उपचार एनएचएस या सरकारी आरोग्य सेवेतून मिळतात. ५ जुलै १९४८ रोजी ती सुरू झाली. तज्ज्ञ डॉक्टरांपर्यंत जायचा तिथला रस्ता घराजवळच्या जीपीच्या, म्हणजे फॅमिली डॉक्टरांच्या, दारातून जातो.

म्हणून नव्याने येणाऱ्या प्रत्येकाला माझं पहिलं सांगणं हेच असतं: राहायला जागा मिळाली की त्याच आठवड्यात जीपीकडे नाव नोंदवा. ठणठणीत असाल तरी नोंदवा. तापाने फणफणलेले असताना नोंदणीचे फॉर्म भरत बसणं फार जड जातं, आणि आपली बरीच मुलं ‘बघू नंतर’ म्हणत वर्ष काढतात.

पुढची माहिती इंग्लंडपुरती आहे. स्कॉटलंड आणि वेल्समध्ये काही नियम वेगळे आहेत. तिथे चिठ्ठीवरच्या औषधांना पैसे पडत नाहीत.

पैसे तुम्ही आधीच भरले आहेत

सहा महिन्यांपेक्षा जास्त मुदतीच्या व्हिसासाठी अर्ज करताना आरोग्य अधिभार भरावा लागतो. त्याला सगळे ‘आयएचएस’ म्हणतात. ६ फेब्रुवारी २०२४ पासून तो प्रौढांना वर्षाला १,०३५ पौंड, तर विद्यार्थ्यांना आणि १८ वर्षांखालच्या मुलांना ७७६ पौंड झाला. व्हिसाच्या पूर्ण मुदतीचे पैसे एकदम घेतात. तीन वर्षांच्या नोकरीच्या व्हिसाला एका माणसामागे ३,१०५ पौंड होतात. एक वर्षाच्या मास्टर्ससाठी व्हिसा साधारण सोळा महिन्यांचा मिळतो, त्याचे १,१६४ पौंड. हेल्थ अँड केअर वर्कर व्हिसावर येणाऱ्यांना हा अधिभार माफ आहे.

मी हे आकडे मुद्दाम देते, कारण ‘सरकारी दवाखान्यात फुकट उपचार घ्यायला संकोच वाटतो’ असं आपल्या लोकांच्या तोंडून अनेकदा ऐकलं आहे. संकोच नको. तुम्ही रक्कम भरली आहे, नोकरी करत असाल तर पगारातून करही कापला जातो. व्हिसा सुरू झाल्या दिवसापासून जीपीची भेट, तपासण्या, रुग्णालयातला मुक्काम, शस्त्रक्रिया आणि बाळंतपण यांचं बिल तुम्हाला येत नाही.

या अधिभारात काय बसत नाही तेही समजून घ्या. औषधांच्या चिठ्ठीचं शुल्क, दातांचे उपचार आणि चष्मा यांचे पैसे इथल्या इतर रहिवाशांसारखेच तुम्हालाही द्यावे लागतात. आयव्हीएफसारखे वंध्यत्वावरचे उपचारही अधिभार भरून आलेल्यांना २०१७ पासून मोफत मिळत नाहीत. हे माहीत नसल्याने काही जोडपी आशेने वाट बघत राहतात, म्हणून आधीच सांगितलेलं बरं.

निघताना बॅगेत काय असावं

क्षयरोगाची तपासणी भारतातून येणाऱ्या सहा महिन्यांपेक्षा जास्त मुदतीच्या व्हिसाला सक्तीचीच आहे, त्यामुळे ती होतेच. राहून जातात त्या बाकीच्या गोष्टी.

तुमच्या नेहमीच्या डॉक्टरांकडून इंग्रजीत एक पत्र घ्या: कोणता आजार, कधीपासून, कोणती औषधं, किती मात्रा. औषधांची ब्रँडची नावं नकोत, मूळ नावं हवीत. ‘क्रोसिन’ किंवा ‘डोलो’ म्हटलं तर इथल्या फार्मासिस्टला कळेलच असं नाही, ‘पॅरासिटामॉल’ लगेच कळतं. दोन-तीन महिने पुरतील एवढी औषधं मूळ वेष्टनात आणा. झोपेच्या, चिंतेवरच्या किंवा ट्रॅमाडॉल, कोडीनसारख्या तीव्र वेदनाशामक गोळ्या असतील तर डॉक्टरांचं पत्र सोबत हवंच, कारण त्या इथे नियंत्रित औषधांत मोडतात. मुलांची लसीकरणाची वही हातातल्या बॅगेत ठेवा. दातांची तपासणी आणि चष्म्याचा दुसरा जोड हे दोन्ही भारतातच उरका.

जुने रिपोर्ट आणत असाल तर एककांकडे लक्ष द्या. आपल्याकडे रक्तातली साखर मिलिग्रॅममध्ये मोजतात, इथे मिलिमोलमध्ये. आपल्या आकड्याला अठराने भागलं की इथला आकडा येतो: उपाशीपोटी १२६ म्हणजे इथे ७. एचबीए१सी, म्हणजे तीन महिन्यांच्या सरासरी साखरेचा आकडा, टक्क्यांत नसतो, आपला ६.५ टक्के म्हणजे इथे ४८ आणि ७ टक्के म्हणजे ५३. कोलेस्टेरॉल २०० असेल तर इथे साधारण ५.२. पहिला रिपोर्ट हातात पडला की साखर ‘सात’ बघून काही जण निश्चिंत होतात आणि एचबीए१सी ‘त्रेपन्न’ बघून घाबरतात. दोन्ही चूक आहे. ही गणितं एका कागदावर लिहून ठेवा, विशेषतः घरात मधुमेह असेल तर.

जीपीकडे नाव नोंदवणं

एनएचएसच्या संकेतस्थळावर पोस्टकोड टाकला की आजूबाजूचे दवाखाने दिसतात. दवाखान्याला इथे ‘सर्जरी’ किंवा ‘प्रॅक्टिस’ म्हणतात. सर्जरी ऐकून दचकू नका. प्रत्येक सर्जरीची हद्द ठरलेली असते आणि शक्यतो तुमचं घर त्या हद्दीत असावं लागतं. दोन-तीन पर्याय असतील तर दवाखान्यांची तपासणी करणाऱ्या केअर क्वालिटी कमिशन या सरकारी संस्थेचा शेरा पाहा. ‘आउटस्टँडिंग’, ‘गुड’, ‘रिक्वायर्स इम्प्रूव्हमेंट’ आणि ‘इनअ‍ॅडिक्वेट’ असे चार शेरे असतात. मी त्याहून जास्त महत्त्व देते ते चालत जाण्याच्या अंतराला. ताप असताना दोन बस बदलून कोणी जात नाही.

फॉर्म बहुतेक ठिकाणी ऑनलाइन भरता येतो. नाही जमलं तर काउंटरवर जाऊन जीएमएस१ नावाचा कागदी फॉर्म मागा. आता नीट वाचा, कारण इथेच आपली माणसं अडतात: एनएचएसच्या नियमानुसार नोंदणीसाठी पत्त्याचा पुरावा, ओळखपत्र किंवा व्हिसा दाखवणं बंधनकारक नाही. काही रिसेप्शनिस्ट वीजबिल किंवा भाडेकरार मागतात. हॅरो, वेम्बली किंवा हाउन्स्लोत चौघांत एक घर घेऊन राहणाऱ्या मुलांच्या नावावर बिल कुठून असणार? अशा वेळी आवाज न चढवता सांगा की माझ्याकडे पत्त्याचा पुरावा नाही, पण त्यामुळे नोंदणी नाकारता येत नाही असं एनएचएसचं मार्गदर्शन आहे. तरीही नकार दिला तर कारण लेखी मागा. लेखी मागितलं की बहुतेक वेळा फॉर्म स्वीकारला जातो.

नोंदणी झाली की दहा अंकी एनएचएस क्रमांक मिळतो. मग एनएचएसचं अ‍ॅप फोनवर घ्या. पासपोर्टचा फोटो आणि चेहऱ्याचा छोटा व्हिडिओ देऊन ओळख पटवली की त्यात रिपोर्ट दिसतात, नेहमीची औषधं मागवता येतात आणि रुग्णालयाच्या तारखा कळतात. घर बदललं तर जीपीला कळवा, हद्द सोडली असेल तर नव्या ठिकाणी नाव घाला. रुग्णालयाची पत्रं जुन्या पत्त्यावर जाऊन तज्ज्ञांची तारीख हुकते, हे भाड्याच्या घरात राहणाऱ्यांच्या बाबतीत नेहमी घडतं.

सकाळचे आठ

बहुतेक सर्जरींचे फोन सकाळी आठ वाजता सुरू होतात. आठ वाजून एक मिनिटाने लावलात तरी आवाज येतो: तुम्ही रांगेत सतरावे आहात. लंडनमध्ये राहणाऱ्या प्रत्येकाच्या ओळखीचा हा आवाज आहे. फोन कानाला लावून, एका हाताने मुलाचा डबा भरत अर्धा तास काढायची तयारी ठेवा. तातडीचं नसेल तर सर्जरीच्या संकेतस्थळावरचा ऑनलाइन फॉर्म वापरा. ऑक्टोबर २०२५ पासून इंग्लंडमधल्या सगळ्या सर्जरींनी कामाच्या पूर्ण वेळात, सकाळी आठ ते संध्याकाळी साडेसहा, हा मार्ग खुला ठेवायचा आहे. मला फोनपेक्षा तो बरा वाटतो, कारण लिहिताना विचार करून लिहिता येतं.

रिसेप्शनिस्ट विचारेल, काय होतंय? आपल्याकडे कंपाउंडरला कोणी आजार सांगत नाही, त्यामुळे अनेकांना हा प्रश्न खटकतो आणि ते ‘डॉक्टरांनाच सांगेन’ म्हणतात. तुम्हाला डॉक्टरकडे पाठवायचं, नर्सकडे, फिजिओकडे की फार्मासिस्टकडे, हे ठरवण्यासाठी ती विचारते. एका वाक्यात सांगा. विषय नाजूक असेल तर ‘खासगी बाब आहे’ म्हटलं तरी चालतं. स्त्रियांना स्त्री डॉक्टर हवी असेल तर याच वेळी मागा.

भेट साधारण दहा मिनिटांची असते, कधी फोनवरच. त्या दहा मिनिटांची तयारी घरून करून जा. सगळ्यात जास्त त्रास देणारी गोष्ट आधी सांगा. आपण उलट करतो: सर्दीपासून सुरुवात करतो आणि उठता उठता ‘अधूनमधून छातीत दुखतं’ म्हणतो. कधीपासून होतंय, वाढतंय का, त्यामुळे काय करता येत नाही, कोणती औषधं घेतली, हे सांगा. ‘दुखतं’ यापेक्षा ‘जिना चढताना दोनदा थांबावं लागतं’ हे जास्त उपयोगी. घरात कोणाला मधुमेह, हृदयविकार, कर्करोग झाला असेल तर तेही सांगा. आणि मनात भीती असेल तर ती बोलून दाखवा. ‘मला अमुक तर नसेल ना?’ असं विचारलं की डॉक्टर त्याचं उत्तर देतात.

इंग्रजीत आजार सांगणं अवघड जात असेल तर भेट ठरवतानाच मराठी दुभाषा मागा. तो मोफत असतो, बऱ्याचदा फोनवरून. आईचं दुखणं डॉक्टरांना सांगायला दहा वर्षांच्या मुलाला बसवू नका. काही गोष्टी आई त्याच्यासमोर बोलणार नाही.

‘इथले डॉक्टर काही देतच नाहीत, पॅरासिटामॉल घ्या म्हणून परत पाठवतात’ ही तक्रार तुम्ही दर पंधरा दिवसांनी कुठल्या तरी घरी ऐकाल. तिच्यात तथ्य आहे, पण त्यामागे विचारही आहे. विषाणूमुळे झालेल्या सर्दी-तापाला अँटिबायोटिक लागू पडत नाही, आणि उगाच वापरल्याने ती औषधं निकामी होतात, म्हणून इथे ती चिठ्ठीशिवाय मिळत नाहीत आणि चिठ्ठीही सहज मिळत नाही. तुम्ही मात्र उठण्याआधी एक प्रश्न नक्की विचारा: किती दिवसांत बरं वाटलं नाही तर परत येऊ, आणि कोणतं लक्षण दिसलं तर लगेच? या उत्तराने पुढची वाट मोकळी होते. त्या मुदतीत बरं वाटलं नाही तर परत जा, आणि ‘तुम्ही सांगितलं होतं म्हणून आलोय’ असं सांगा. चिकाटीने परत जाणाऱ्याची तपासणी होते. गप्प बसणारा मागे राहतो. हे मला आवडत नाही, पण आहे ते असं आहे.

कोणत्या वेळी कुठे जायचं

साध्या दुखण्यासाठी पहिलं ठिकाण म्हणजे कोपऱ्यावरचा फार्मासिस्ट. आपल्याकडे मेडिकलवाला औषध देतो. इथला फार्मासिस्ट विद्यापीठात शिकलेला असतो आणि आतल्या खोलीत बसवून तपासतो. ३१ जानेवारी २०२४ पासून ‘फार्मसी फर्स्ट’ योजनेत तो सात तक्रारींवर गरज पडल्यास चिठ्ठीचं औषधही देऊ शकतो: सायनस, घसादुखी, मुलांचं कान दुखणं, कीटक चावून झालेला संसर्ग, इम्पेटिगो (त्वचेचा संसर्ग), नागीण, आणि १६ ते ६४ वयाच्या स्त्रियांची लघवीची साधी जळजळ. प्रत्येकाला वयाच्या अटी आहेत. जीपीची वेळ घ्यावी लागत नाही. वसंतात परागकणांमुळे शिंका आणि डोळ्यांची खाज सुरू झाली तरी आधी इथेच या. सेटिरिझिन चिठ्ठीशिवाय मिळतं. पॅरासिटामॉल कुठल्याही सुपरमार्केटात स्वस्तात मिळतं, पण एका वेळी दोनच पाकिटं देतात.

काय करावं कळत नाही, जीपी बंद आहे, रात्रीचे अकरा वाजलेत: १११ ला फोन करा, किंवा त्याच नावाच्या संकेतस्थळावर प्रश्नांची उत्तरं द्या. हा क्रमांक चोवीस तास चालतो आणि मोफत आहे. ते खूप प्रश्न विचारतात, त्यातले काही असंबद्ध वाटतात. न कंटाळता उत्तरं द्या. गरज असेल तर ते जवळच्या अर्जंट ट्रीटमेंट सेंटरची वेळही ठरवून देतात. हात मुरगळला, कापलं, टाके लागतील असं वाटतंय, अशा गोष्टींना हे सेंटर योग्य, आणि एक्स-रेही बऱ्याच सेंटरांत निघतो.

छातीत दाबल्यासारखं दुखणं, श्वास न घेता येणं, तोंड वाकडं होणं किंवा एका बाजूची ताकद जाणं, न थांबणारा रक्तस्राव, शुद्ध हरपणं, अशा वेळी ९९९. ११२ लावलात तरी तिथेच लागतं. रुग्णवाहिकेला पैसे पडत नाहीत. लाजू नका, शेजाऱ्याची गाडी शोधत बसू नका.

रुग्णालयाच्या अपघात विभागाला सगळे ‘ए अँड ई’ म्हणतात. वायव्य लंडनमध्ये नॉर्थविक पार्क, पश्चिमेला ईलिंग आणि हिलिंग्डन, पूर्वेला व्हाइटचॅपलचं रॉयल लंडन, दक्षिणेला किंग्ज कॉलेज हॉस्पिटल. तुमच्या घरापासून सगळ्यात जवळचं कोणतं, हे आजच नकाशावर बघून ठेवा. डोळ्याला अचानक काही झालं तर सिटी रोडवरच्या मूरफिल्ड्समध्ये फक्त डोळ्यांचा अपघात विभाग आहे. ए अँड ईमध्ये आल्या क्रमाने घेत नाहीत, गंभीर रुग्ण आधी घेतात. चार तासांचं उद्दिष्ट आहे, पण ते नेहमी पाळलं जात नाही. चार्जर, पाणी, औषधांची यादी आणि अंगावर गरम कपडा घेऊन जा.

औषधांचे पैसे

जीपी चिठ्ठी थेट तुम्ही निवडलेल्या फार्मसीला संगणकावरून पाठवतात. २०२५-२६ मध्ये चिठ्ठीवरच्या प्रत्येक औषधाला ९.९० पौंड पडतात, औषध कितीही महाग असो. वर्षाला बारा किंवा जास्त औषधं लागत असतील तर ११४.५० पौंडांचा वार्षिक पास काढा; तीन महिन्यांचा ३२.०५ पौंडांना मिळतो.

बऱ्याच जणांना माहीत नसलेली गोष्ट अशी की थायरॉइड कमी असल्याने रोज गोळी घेणाऱ्यांना आणि मधुमेहावर औषध घेणाऱ्यांना सगळी औषधं मोफत आहेत, त्या आजाराचीच नव्हेत तर कोणतीही. त्यासाठी जीपीकडून फॉर्म भरून घेऊन सवलतीचं प्रमाणपत्र काढावं लागतं. ते पाच वर्षं चालतं. रक्तदाब आणि दमा या सवलतीत नाहीत. सोळा वर्षांखालची मुलं, साठीच्या पुढचे, आणि गर्भवती यांनाही औषधं मोफत. गर्भनिरोधक साधनं सगळ्यांना मोफत. प्रमाणपत्र हातात नसताना ‘मला माफ आहे’ अशी खूण करू नका. तपासणीत सापडलं तर मूळ रकमेवर १०० पौंडांपर्यंत दंड बसतो.

कमी पैशांत शिकणाऱ्या विद्यार्थ्यांनी एचसी१ नावाचा अर्ज जरूर भरावा. उत्पन्न कमी आणि शिल्लक १६,००० पौंडांच्या आत असेल तर औषधं, दात आणि चष्मा यांत पूर्ण किंवा थोडी सवलत मिळू शकते.

आयुर्वेदिक किंवा होमिओपॅथिक औषधं चालू असतील तर जीपीला मोकळेपणाने सांगा. काही रसौषधींत पारा, शिसं असतं, आणि काही काढे रक्त पातळ करणाऱ्या गोळ्यांशी जुळत नाहीत.

तज्ज्ञ, प्रतीक्षा आणि खासगी विमा

जीपीला गरज वाटली की ते रुग्णालयाला पत्र पाठवतात. पत्रापासून उपचार सुरू होईपर्यंत १८ आठवड्यांचं उद्दिष्ट आहे, पण हाडं, कान-नाक-घसा, स्त्रीरोग अशा विभागांत त्याहून जास्त थांबावं लागतं. कर्करोगाची शंका असेल तर रस्ता वेगळा आणि जलद आहे: २८ दिवसांत निदान कळावं असं उद्दिष्ट आहे. एक हक्क बहुतेक जण वापरत नाहीत: कोणत्या रुग्णालयात जायचं हे तुम्हाला निवडता येतं. लंडनमध्ये अर्ध्या तासाच्या अंतरावर चार रुग्णालयं असतात आणि त्यांच्या प्रतीक्षेत काही महिन्यांचा फरक असू शकतो. पत्र पाठवतानाच जीपीला विचारा. कंबर किंवा खांदा दुखत असेल तर बऱ्याच भागांत जीपीशिवाय थेट फिजिओथेरपीसाठी अर्ज करता येतो.

कंपनीने खासगी विमा दिला असेल तर घ्या. वाट बघण्याचा वेळ वाचतो. पण आधीपासूनचे आजार, बाळंतपण आणि तातडीचे प्रसंग त्यात सहसा नसतात, आणि विमा कंपन्या बहुधा जीपीचं पत्र मागतात. विम्याची रक्कम तुमचं करपात्र उत्पन्न धरली जाते, तेही पगाराच्या कागदावर बघून घ्या. स्वतःच्या खिशातून विमा घ्यावा का, असं नवीन आलेले विचारतात. तिशीतल्या निरोगी माणसाने आधी वर्षभर एनएचएस वापरून बघावी असं माझं मत आहे.

बाळ होणार असेल तर

जीपीची वाट न बघता जवळच्या रुग्णालयाच्या संकेतस्थळावरून थेट मिडवाइफकडे, म्हणजे बाळंतपणाचं शिक्षण घेतलेल्या सुईणीकडे, नाव नोंदवा. पहिली भेट दहाव्या आठवड्याच्या आत व्हावी. सगळं सुरळीत असेल तर स्त्रीरोगतज्ज्ञ तुम्हाला क्वचितच दिसतील, मिडवाइफच सगळं बघते. भारतातून फोनवर ‘दर महिन्याला सोनोग्राफी का नाही?’ असं विचारलं जाईल. इथे साधारण बाराव्या आणि विसाव्या आठवड्यांत अशा दोनच होतात, आणि तेवढ्या पुरतात. मधुमेह, आधीचं सिझेरियन किंवा उच्च रक्तदाब असेल तर पहिल्याच भेटीत सांगा, मग तपासण्या वाढतात. मिडवाइफकडून सवलतीचं प्रमाणपत्र मागून घ्या. त्यावर बाळ एक वर्षाचं होईपर्यंत तुमची औषधं आणि एनएचएसचे दातांचे उपचार मोफत होतात.

बाळंतपणानंतर दवाखान्यातून लवकर घरी पाठवतात, काही वेळा त्याच दिवशी. आई किंवा सासूबाई येऊ शकत नसतील तर ओळखीच्या मराठी घरांना आधीच सांगून ठेवा. डॉलिस हिलला १९३२ साली स्थापन झालेल्या महाराष्ट्र मंडळाची वास्तू आहे; तिथल्या ओळखी अशा वेळी खूप उपयोगी पडतात. मिडवाइफ आणि नंतर हेल्थ व्हिजिटर, म्हणजे लहान बाळांची काळजी घेणारी नर्स, घरी येतात. बाळाची नोंद ‘रेड बुक’ नावाच्या लाल वहीत होते. बीसीजी इथे सगळ्या बाळांना देत नाहीत, पण आई-वडील किंवा आजी-आजोबा भारतात जन्मलेले असतील तर बाळाला ती मिळते. कोणी आपणहून विचारलं नाही तर तुम्ही विचारा.

भारतातून मूल घेऊन आला असाल तर लसीकरणाची वही जीपीच्या नर्सला दाखवा. वेळापत्रक वेगळं असल्याने एखादी लस राहिलेली असू शकते.

दात आणि डोळे

दातांचा डॉक्टर वेगळा शोधावा लागतो आणि एनएचएसवर नवे रुग्ण घेणारा मिळणं लंडनमध्येही कठीण आहे. एप्रिल २०२५ मध्ये लागू झालेले दर असे होते: तपासणी २७.४० पौंड, फिलिंग किंवा रूट कॅनालसारखं काम ७५.३० पौंड, क्राउन किंवा कवळी ३२६.७० पौंड. खासगीत याच्या कितीतरी पट लागतात. मोठं काम पुण्या-मुंबईच्या फेरीत करून घेणारे खूप आहेत आणि ते शहाणपणाचंही आहे, फक्त परतीच्या आदल्या दिवशी क्राउन बसवू नका. दाताच्या असह्य दुखण्याला १११ लावा.

आपल्या शरीराविषयी थोडं

लंडनच्या हिवाळ्यात सूर्य त्वचेला ‘ड’ जीवनसत्त्व देण्याइतका प्रखर नसतो. सरकारी सल्ला असा की सगळ्यांनी शरद ऋतूपासून हिवाळाभर रोज १० मायक्रोग्रॅम घ्यावं, आणि सावळ्या-गव्हाळ त्वचेच्या लोकांनी वर्षभर घेण्याचा विचार करावा. गोळी स्वस्त आहे, सुरू करा. आपल्या लोकांना मधुमेह कमी वजनावर होतो, म्हणून दक्षिण आशियाईंसाठी बीएमआय (उंचीच्या मानाने वजनाचा आकडा) २३ पासूनच धोका वाढलेला धरतात. चाळीस ते चौऱ्याहत्तर वयात दर पाच वर्षांनी मोफत तपासणी मिळते. बोलावणं आलं नाही तर सर्जरीला विचारा. पंचविशीनंतर स्त्रियांना गर्भाशयमुखाच्या तपासणीचं पत्र येतं. ते बाजूला ठेवू नका.

पहिला नोव्हेंबर बऱ्याच जणांना जड जातो. चार वाजता अंधार, खोलीत एकटं, घरी फोनवर ‘मी मजेत’. झोप उडाली, जेवण तुटलं, अभ्यासात किंवा कामात मन लागेना, तर ‘टॉकिंग थेरपीज’ या एनएचएसच्या समुपदेशन सेवेत जीपीशिवाय स्वतः नाव नोंदवता येतं. जिवाचं बरंवाईट करण्याचा विचार मनात आला तर त्याच क्षणी १११ लावून २ दाबा, किंवा समॅरिटन्स या मदत संस्थेशी ११६ १२३ वर बोला. दोन्ही चोवीस तास आणि मोफत आहेत. यातून व्हिसावर काही परिणाम होत नाही.

आई-बाबा येणार असतील तर

सहा महिन्यांच्या भेटीच्या व्हिसाला अधिभार नसतो, त्यामुळे त्यांना एनएचएसचे रुग्णालयातले उपचार मोफत नसतात. जीपीकडे तात्पुरती नोंदणी करून दाखवता येतं आणि ए अँड ईमधला उपचारही मोफत असतो. पण तिथून वॉर्डात भरती केलं की बिल सुरू होतं, आणि ते एनएचएसच्या दराच्या दीडपट असतं. तातडीचा उपचार पैशांसाठी अडवत नाहीत, बिल मागाहून येतं. ५०० पौंडांहून जास्त रक्कम दोन महिने थकली तर पुढचा व्हिसा नाकारला जाऊ शकतो.

म्हणून प्रवासविमा भारतातूनच आणि आधीपासूनच्या आजारांसह घ्या. बाबांचा रक्तदाब, आईची साखर, पाच वर्षांपूर्वी बसवलेला स्टेंट, सगळं फॉर्मवर लिहा. हप्ता वाढेल म्हणून लपवलेला आजार दाव्याच्या वेळी बरोबर उघडा पडतो. पूर्ण मुक्कामाची औषधं आणि वर पंधरा दिवसांची जास्त आणायला सांगा. त्यांच्या औषधांची इंग्रजी यादी, विम्याचा क्रमांक आणि तुमचा पोस्टकोड फ्रिजवर चिकटवा, आणि ९९९ ला पोस्टकोड कसा सांगायचा हे त्यांच्याकडून एकदा म्हणून घ्या. तुम्ही दिवसभर ऑफिसात असता, घरी ते दोघंच असतात.

सुट्टीत भारतात जाताना

ब्रिटनमध्ये सापडणाऱ्या विषमज्वराच्या, म्हणजे टायफॉइडच्या, रुग्णांपैकी बहुतेक जण दक्षिण आशियात जाऊन आलेले असतात, आणि त्यात आजोळी गेलेली मुलंही असतात. टायफॉइड आणि हिपॅटायटिस ए या लसी एनएचएसवर मोफत आहेत. निघण्याआधी सहा-आठ आठवडे सर्जरीच्या नर्सला फोन करा, कारण डिसेंबरच्या आणि उन्हाळ्याच्या सुट्टीआधी त्यांच्या तारखा भराभर भरतात.